रिफ्लेक्टर धरणारा माणूस

अण्णा, गेल्या महिन्यात आपल्या चित्रपट मंडळाने एक माहितीपट दाखवला आणि त्यात तुम्ही होतात. पडद्यावर दिसला नाहीत, तुमचं नावही कोणी घेतलं नाही. एका बाईंच्या बोलण्यात चार-पाच वाक्यांपुरते येऊन गेलात. हॉलमध्ये आम्ही सतरा माणसं होतो. सोळा जणांना काही कळलं नाही, मला कळलं. तेव्हापासून मी रोज मनातल्या मनात तुमच्याशी भांडते आणि भांडून झालं की तुमचीच बाजू घेते. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली. समोर असतात तर हे विचारायची माझी छाती झाली असती की नाही, देव जाणे. लिहायला मात्र धीर होतो, कारण तुम्ही वाचणार नाही.

आधी मंडळाचं सांगते, तुम्ही पहिलं तेच विचारलं असतंत. मंडळ चालू आहे. शाळेचा तोच हॉल, त्याच लोखंडी खुर्च्या, महिन्यातला तोच दुसरा रविवार. तुमचा सोळा एमएमचा प्रोजेक्टर आता स्टाफरूमच्या कपाटात झाकून ठेवलाय. सिनेमा लॅपटॉपवर लावतात आणि छताला टांगलेला एवढासा डबा तो भिंतीवर पाडतो. खंडेनवमीला मी जाऊन तुमच्या मशीनला झेंडूचं फूल वाहून येते. शिपाई हसतो, हसू दे. तुमच्यासारखं तेलपाणी मला जमत नाही, पण फूल चुकवलेलं नाही. नियमही तोच आहे. सिनेमा संपला, शेवटची नावं संपली, तरी कोणी उठायचं नाही; चहा यायचा आणि कप खाली ठेवायच्या आत प्रत्येकाने निदान एक वाक्य बोलायचं. ‘आवडला’ आणि ‘नाही आवडला’ ही वाक्यं धरली जाणार नाहीत, हे तुमचं कलम. सातिवलीच्या कारखान्यातला फिटर माणूस, पण चहाच्या वेळी तुम्ही हेडमास्तरांनाही सोडायचा नाहीत. ‘सर, आवडला म्हणजे काय? भजी आवडतात. सिनेमाचं सांगा.’ हेडमास्तर बिचारे परत उभे राहायचे.

हा माहितीपट आपल्या दिग्दर्शकांवर होता. ‘आपल्या’ म्हणते, कारण मंडळात त्यांना दुसरं नाव नाही. त्यांनी त्यांचा तो गाजलेला सिनेमा वसईच्या वाडीत येऊन काढला, एकदा आपल्या वर्धापनदिनाला आले, शाल-श्रीफळ घेतलं, आणि त्यांचा फोटो हॉलमध्ये पडद्याशेजारी लागला तो लागलाच. माहितीपटात चार बायका बोलतात. चौघींनी वेगवेगळ्या वर्षी त्यांच्या सिनेमांत काम केलेलं. शूटिंगच्या वेळी ते कसे वागले आणि शूटिंग संपल्यावर कसे वागले, हे त्या एकेक करून सांगतात. तिघींनी सांगितलं ते मी इथे लिहीत नाही. ते त्यांचं आहे, आणि तुम्हाला ते ऐकवताना मलाच मेल्याहून मेल्यासारखं होईल.

दाखवायचा की नाही यावरून कमिटीत तीन बैठका झाल्या. आपले तेच हेडमास्तर आता अध्यक्ष आहेत. ते म्हणाले, ‘नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात ते उगीच नाही. माणूस गेला बाजूला, आपण कलाकृती बघावी.’ ते वाक्य तुमचं होतं, अण्णा. तुमच्याकडून ते हॉलमध्ये रुजलं आणि आता सगळे ते आपापल्या घरचं असल्यासारखं वापरतात. मी नववीत असताना एका मोठ्या गायकाबद्दल काहीबाही ऐकून तुम्हाला विचारलं होतं, तेव्हा तुम्ही मलाही हेच ऐकवलं होतंत, वर ‘अभ्यास कर’ म्हणून. शेवटी तिसऱ्या बैठकीत ठरलं, की दाखवायचा, पण फलकावर लिहायचं नाही आणि नंतर चर्चा नको. तुमच्या मंडळात पहिल्यांदा, चर्चा नको.

तर त्या चौथ्या बाई. तुम्हाला त्या बावीस वर्षांच्या आठवत असतील. आता चाळिशीच्या आहेत, केस बारीक कापलेत, कुठल्याशा शाळेत शिकवतात. सिनेमात त्यांनी पुन्हा काम केलंच नाही. आम्ही सगळे म्हणायचो ना, लग्न झालं असेल, सोडलं असेल. त्या अगदी शांतपणे, भाजीचे भाव सांगावे तशा सांगत होत्या. म्हणाल्या, ‘वसईला वाडीत शूटिंग होतं. तिथल्या बावखलात, म्हणजे वाडीतल्या तळ्यात, माझं डोकं बुडवायचं असा सीन. एकदाच, पटकन, असं ठरलं होतं. मला पोहता येत नाही हे मी सांगितलं होतं. त्यांनी समोरच्या नटाला बाजूला घेतलं आणि मी सांगेपर्यंत सोडायचं नाही म्हणून सांगितलं. मला हे नंतर कळलं. तीन वेळा केलं. तिसऱ्या वेळी मी वर आले आणि म्हणाले, पुरे, पुरे आता. ते संवादात नव्हतं. मी ते त्यांना सांगत होते.’

पुढे त्या म्हणाल्या, ‘माझ्या अगदी समोर एक माणूस रिफ्लेक्टर धरून उभा होता. तिथलाच कोणी गावातला. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने मान खाली घातली. पण रिफ्लेक्टर हलू दिला नाही. माझ्या तोंडावरचा उजेड तसाच राहिला. आता कधी तो दिवस आठवला ना, तर दिग्दर्शक नंतर आठवतात. आधी तो उजेड आठवतो.’

मी खुर्चीची कड घट्ट धरली. मला तेव्हा काय वाटलं हे लिहायचं तर खरं लिहिते: आधी अभिमान वाटला. रिफ्लेक्टरचं नाव निघाल्यावर आपल्या घरात जी कॉलर ताठ व्हायची ती सवयीने झाली, आणि मग ती वाक्यं मागून येऊन पोचली.

कारण रिफ्लेक्टर म्हणजे आपल्या घरातली केवढी मोठी गोष्ट! मी चौथीत होते. सिनेमावाले वाडीत उतरले, त्यांना जनरेटरकडे बघणारा माहीतगार माणूस हवा होता, आणि मंडळाचे म्हणून तुम्ही कारखान्यातून आठ दिवस रजा काढून गेलात. दुसऱ्याच दिवशी त्यांचा रिफ्लेक्टर धरणारा माणूस तापाने पडला आणि चंदेरी कागदाची ती मोठी फळी तुमच्या हातात आली. केळी आणि नारळांच्या दाट सावलीत उन्हाचा एक तुकडा पकडून तो बरोबर माणसाच्या तोंडावर टाकायचा. आयुष्यभर कानशीने लोखंड घासलेला हात. तो कशाला हलतोय? दिग्दर्शक म्हणाले, ‘तुमचा हात आहे की स्टँड?’ हे वाक्य तुम्ही त्या संध्याकाळी आईला सांगितलंत, मला सांगितलंत, शेजारच्या खोलीत जाऊन सांगून आलात, आणि जेवताना परत सांगितलंत. आई म्हणाली, ‘मग ह्या स्टँडला भात वाढू की नको?’

आणि मग पाचवा दिवस. मला अजून दिसतं. गोखिवऱ्याच्या आपल्या दोन खोल्या, आई तव्यावर बोंबील परततेय, मी ओट्याखाली बसून पाढे म्हणतेय. तुम्ही सायकल भिंतीला लावता. एरवी ती लावायच्या आधीच दारातून बोलायला सुरुवात करणारा माणूस. तुम्ही मोरीत जाऊन हात धुता. पुसता. परत धुता. आई विचारते, ‘वाढू?’ तुम्ही म्हणता, ‘आज नको.’ ‘का, तिकडे जेवलात?’ ‘नाही.’ आई गॅस बारीक करते आणि माझ्याकडे बघून म्हणते, ‘जा, बाहेर खेळ.’ मी जाते. मला बरंच वाटतं, पाढे टळले म्हणून. दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा शूटिंगला गेलात, तिसऱ्याही दिवशी गेलात. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण परवा तुमची बाजू घेताना मी स्वतःला सांगत होते की अण्णा मग गेले नसतील. तुम्ही गेलात. कामाचे आठ दिवस भरलेत.

सिनेमा आला, त्याला बक्षिसं मिळाली, टीव्हीवर लागला, आणि ते ‘पुरे आता’ घराघरात पोचलं. पोरं खेळताना म्हणायची, बायका भांडताना म्हणायच्या, बसमध्ये कंडक्टर म्हणायचा. आपल्या मंडळात तर तो दर वर्धापनदिनाला. त्या दिवशी हॉलमध्ये उभं राहायला जागा नसे. वाडीतली माणसं चर्चमधली रविवारची मिस्सा आटोपून ठेवणीतल्या कपड्यांत यायची, आणि पडद्यावर ओळखीचं काही आलं की हाळी घालायची: ‘अरे, तो बघ आपला रहाट!’ शेवटी नावं येत, त्यात ‘स्थानिक सहकार्य’ म्हणून चार नावं, तिसरं तुमचं. आई मला कोपराने ढोसायची. सिनेमाची नावं संपेपर्यंत उठायचं नाही हा नियम तुम्ही कशासाठी केलात, हे सगळ्या वसईला ठाऊक होतं, आणि त्यावरून तुमची थट्टाही चालायची.

पण त्याच सिनेमात, बावखलाच्या जागी, पडदा काळा व्हायचा. दर वर्षी, त्याच जागी. आवाज चालू, चित्र गायब. काळोखात पाण्याचा आवाज, मग ते ‘पुरे आता’, आणि लोक त्या काळोखातच टाळ्या वाजवायचे, कारण सगळ्यांनी ते टीव्हीवर पाहिलेलं होतं. तुम्ही मागून ओरडून सांगायचात, ‘जुनी मशीन आहे, आत्ता येईल!’ आणि चित्र परत यायचं. हेडमास्तर म्हणायचे, ‘तुमच्या मशीनला पाण्याची भीती वाटते काय हो?’ एका वर्षी मी प्रोजेक्टरजवळच्या बाकावर बसले होते. मी बघितलं. मशीनला काही झालेलं नव्हतं. तुम्ही भिंगापुढे हात धरला होतात. पंजा लालसर दिसत होता, कडांतून उजेड फुटत होता. मला वाटलं, काहीतरी मुलांनी बघू नये असं असेल. तेव्हा मोठ्या माणसांच्या सगळ्याच विचित्र वागण्याला माझ्याकडे हे एकच उत्तर असायचं.

आता ती थप्पड. तुम्ही मला आयुष्यात एकदाच मारलंत. मी पाचवीत होते, मोरीत बादलीसमोर बसून पाण्यात तोंड बुडवत होते, वर येऊन डोळे फिरवून ‘पुरे, पुरे आता!’ करत होते, आणि शेजारच्या दोघी मुली हसून लोळत होत्या. मी छान करायचे, सगळे म्हणायचे. तुम्ही कामावरून आलात, दारात उभे राहिलात, चपला न काढता आत आलात आणि मारलीत. मुली पळाल्या. मी रडत म्हटलं, ‘सगळेच म्हणतात.’ तुम्ही म्हणालात, ‘सगळ्यांना म्हणू दे. आपल्या घरात नाही.’ तुमचा आवाज चढलेला नव्हता. आई मध्ये पडली नाही, याचं मला तेव्हा जास्त वाईट वाटलं.

पुढच्याच रविवारी तुम्ही मला सायकलवर बसवून त्या वाडीत नेलंत. वाडीच्या मालकीणबाई, आपण त्यांना मावशी म्हणायचो, त्यांच्याशी तुमचं आधी बोलणं झालेलं होतं. माझ्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधलात, कमरेला दोरी, दोरीचं टोक तुमच्या हातात, आणि म्हणालात, ‘उतर. पोहायला शिकायचं.’ मला वाटलं, मारलं म्हणून आता लाड चाललेत, खुद्द सिनेमातल्या बावखलात पोहायला मिळतंय! तुम्हाला स्वतःला पोहता येत नव्हतं. मावशी काष्ट्याचं लाल लुगडं नेसून पायरीवर बसून सांगायच्या, पाय असे मार, हात असा घे, आणि तुम्हाला चिडवायच्या, ‘पोरीला पान्यात टाकलंस, आनि तू सोता काठावर उबा?’ तुम्ही हसायचा नाहीत. अख्खा उन्हाळा, दर रविवारी. डबा सुटला, दोरी सुटली, मी या काठावरून त्या काठावर जायला लागले, तरी तुम्ही म्हणायचात, ‘अजून एकदा. खाली जाऊन वर ये. दम धरता आला पाहिजे.’ कॉलेजात असताना मी मैत्रिणींना ऐटीत सांगायचे, आमच्या अण्णांना मुलींनी सगळं शिकावं असं वाटतं. ते खोटं होतं असं मी म्हणत नाही.

माहितीपट संपला. दिवे लागले. तो करणारी मुलगी मुंबईहून आली होती, पंचविशीची, जीन्समधली, पाठीवर भली मोठी सॅक. ती समोर उभी राहून म्हणाली, ‘चर्चा नको असं मला सांगितलंय, ओके. फक्त एकच विचारते. त्यांचे जुने असिस्टंट म्हणतात, त्या दिवशी असं काही झालंच नाही, मॅडमना सगळं आधी सांगितलेलं होतं. त्या दिवशी तिथे असलेलं गावातलं कोणी आज मिळत नाहीये. वाडीवाल्या आजी पण गेल्या. तुमच्यापैकी कोणी होतं का? किंवा कोणाच्या घरचं?’ चहा आला. अण्णा, तुमच्या मंडळात सतरा माणसांनी सतरा कप चहा प्यायला आणि कोणी एक वाक्य बोललं नाही. सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली होती, आणि त्यात मीही होते. मी बशीकडे बघत होते. मान खाली घातली की बरं असतं, समोरच्याचं तोंड दिसत नाही. ती मुलगी सॅक उचलून गेली. जाताना तिने टेबलावर फोन नंबराच्या चिठ्ठ्या ठेवल्या. सगळे गेल्यावर एक मी उचलली.

चंदनसारला घरी गेले तर नवरा म्हणाला, ‘बरं नाही का?’ मी म्हटलं, चहा बाधला. चार दिवस काढले आणि पाचव्या दिवशी माझी शाळा सुटल्यावर तडक गोखिवऱ्याला आईकडे गेले. ती मेथी निवडत होती. मी सगळं सांगितलं, रिफ्लेक्टरपाशी येऊन अडखळले. आईने वर न बघताच विचारलं, ‘ती बाई बरी आहे ना गो आता?’ म्हणजे तिला माहीत होतं. इतकी वर्षं. ती म्हणाली, ‘ह्यांनी त्याच दिवशी सांगितलेलं मला. तू बाहेर खेळत होतीस. म्हणाले, तिसऱ्या वेळेला ती पोर माझ्याकडे बघत होती. म्हणाले, मावशी येऊन त्या मोठ्या माणसाला बोलली, तिच्या नाकात पानी गेलंय, तुला दिसत नाय? बास कर. तर तो म्हणाला, आजी, बाजूला व्हा, मध्ये येताय. मावशीने कपाळाला-छातीला हात लावून क्रूस केला आणि टॉवेल आणायला आत गेली. हे तिथेच उभे.’

‘आणि?’

‘आणि म्हणाले, मी काही बोलायची पण गरज नव्हती. नुसता हात खाली घेतला असता, तर उजेड गेला असता, त्यांना थांबायलाच लागलं असतं. एवढंच करायचं होतं. मी का नाही केलं?’ आईने काडी मोडली. ‘मी म्हटलं, तुम्हाला धरायला सांगितलं, तुम्ही धरलंत. तुमचा काय दोष? त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं मी. त्यांना काही बरं वाटलं नाही.’

मी म्हटलं, मग आई, दर वर्षी तो सिनेमा का लावायचे? आई म्हणाली, ‘आवडायचा त्यांना. मला म्हणायचे, एवढा चांगला सिनेमा वसईत पुन्हा होणार नाही. आणि नाव होतं ना त्यात.’ हे तिने इतकं सरळ सांगितलं की माझ्या रागाला जागाच उरली नाही. मला वाटलं होतं, तुम्ही एक तर भेकड निघाल किंवा मनातून संत. तुम्ही दोन्ही नव्हतात. सिनेमावर जीव असलेला माणूस होतात, एका दिवशी चुकलात, आणि मग जिथे हात पोचत होता तिथे तो धरत राहिलात. पण अण्णा, काळोखात टाळ्या वाजायच्या तेव्हा एकदा तरी चहाच्या वेळी उठून सांगायचं होतंत. तुम्ही प्रत्येकाकडून एक वाक्य घ्यायचात. तुमचं एक वाक्य राहिलं. आम्ही शंभर माणसं दर वर्षी एका बाईच्या गुदमरण्याला अभिनय म्हणून दाद देत होतो, आणि खरं ठाऊक असलेला माणूस आमच्या पाठीमागे उभा होता. आम्हाला माहीत नव्हतं, हे खरं. पण विचारलंही कोणी नाही, की दर वर्षी चित्र नेमकं तिथेच का जातं. सिनेमा बघायला डोळे लागतात म्हणून आम्ही मिरवायचो, आणि हातभर अंतरावरचा पंजा पाहून मीसुद्धा गप्प बसले. आवडीच्या माणसाबद्दल आपल्याला कमीच विचारायचं असतं. ते ऋषीच्या कुळाचं वाक्य त्यासाठीच सोयीचं आहे.

मी चिठ्ठी काढून आईपुढे ठेवली. म्हटलं, तुझ्यावर आहे, अण्णांचं नाव तुझंही आहे. ती म्हणाली, ‘जाऊ दे गो, गेलेल्या माणसाला कशाला.’ मेथी निवडून झाली, धुऊन झाली, चिरून झाली. मग पदराला हात पुसत म्हणाली, ‘लाव फोन.’

ती मुलगी शनिवारी सकाळी आली. कॅमेरा ओट्यासमोर लावला. खिडकीतून एकाच बाजूने ऊन येत होतं, तेव्हा तिने सॅकमागून थर्माकोलचा एक पांढरा तुकडा काढला आणि मला म्हणाली, ‘ताई, हा जरा असा पकडाल? काकींच्या तोंडावर लाइट येऊ दे.’ मी पकडला. माझे हात तुमच्यासारखे नाहीत, उजेड आईच्या गालावर थरथरत होता. सुरू करायच्या आधी मुलगी आईला म्हणाली, ‘काकी, कुठेही थांबावंसं वाटलं तर फक्त सांगा. मी लगेच बंद करते.’ आईने नीट सांगितलं. मावशीचं सांगितलं, भिंगापुढच्या हाताचं सांगितलं, मला पोहायला का शिकवलंत तेही सांगितलं; ते मी पहिल्यांदा ऐकत होते. आणि तुम्ही त्या दिवशी जेवला नाहीत इथे आली तेव्हा तिचा आवाज फुटला. ती म्हणाली, ‘थांब जरा.’ मुलीचा हात कॅमेऱ्यापर्यंत पोचायच्या आधी माझा खाली आला होता.

त्या बाईंना मुलीने ते रेकॉर्डिंग दाखवलं. त्या काय म्हणाल्या म्हणून मी फोन करून विचारलं. आठवडाभर धीर होत नव्हता. मुलगी म्हणाली, ‘एवढंच म्हणाल्या, म्हणजे त्यालाही आठवत होतं.’ माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि मी विचारलंही नाही. तुमच्या वतीने मागायचा मला काय अधिकार?

मंडळात ही गोष्ट आता सगळ्यांना कळली आहे. दोघंजण माझ्याशी बोलत नाहीत. हेडमास्तर आईला भेटून गेले, पाऊण तास बसले, आणि जाताना एवढंच म्हणाले, ‘मशीनला भीती वाटते म्हणून मी त्याला किती चिडवलं.’ हॉलमधला फोटो काढायचा ठराव कोणी मांडलेला नाही, पण तो काच पुसायला म्हणून उतरवला गेला आणि अजून पुसून यायचा आहे. वर्धापनदिन पुढच्या महिन्यात आहे. तो सिनेमा लावायचा का, आणि लावला तर चहाच्या वेळी काय बोलायचं, यावर बैठका चालू आहेत. मी सांगितलंय, लावा किंवा लावू नका, पण चर्चा नको म्हणाल तर मी येणार नाही.

हे पत्र तुमच्या मशीनच्या पेटीत ठेवून देईन, झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्यांत. एक गोष्ट मात्र मी आईला, नवऱ्याला, त्या मुलीला, कोणालाच सांगितलेली नाही. परवा दुपारी घरात कोणी नसताना मी त्या सिनेमाची सीडी लावली. बावखलाची जागा आली तेव्हा उठून टीव्हीपाशी गेले, हात पुढे केला, आणि मागे घेतला. मला बघायचं होतं. केळीच्या सावलीत तिच्या ओल्या तोंडावर तो उजेड आहे, जरासुद्धा हलत नाही, आणि तो फार सुंदर आहे, अण्णा. मी पुढेही बंद केलं नाही. खाली बसले आणि तिसरं नाव येऊन जाईपर्यंत उठले नाही.